पांढऱ्या कांद्याचा लसूण होतो तेव्हा : परदेशी भाषेतली वेबसाइट काढण्याआधी एवढं बघा

कांद्यावरचं २० टक्के निर्यात शुल्क १ एप्रिल २०२५ पासून गेलं. त्याआधीचे वीसेक महिने कांदा उत्पादक विसरलेला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क लागलं. ८ डिसेंबर २०२३ पासून थेट बंदी आली. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलर किमान दराची अट राहिली. सप्टेंबर २०२४ मध्ये ती अट गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. एवढ्या काळात परदेशातला खरेदीदार थांबून राहत नाही, तो दुसऱ्या देशाचं दार वाजवतो.

आता दार उघडं आहे, तर माल व्यापाऱ्याच्या हातून न जाता थेट बाहेर जावा, असं शेतकरी उत्पादक कंपन्यांना वाटणं साहजिक आहे. अशा वेळी कोटेशन घेऊन एजन्सीवाले येतात. ‘इंडोनेशियन, अरबी, जर्मन, ज्या भाषेत पाहिजे त्या भाषेत वेबसाइट करून देतो, गुगलवर पहिला नंबर आणतो, खरेदीदार तुम्हाला शोधत येईल,’ असं सांगतात. बैठकीत कुणालाच ती भाषा येत नसते. पडद्यावर पान छान दिसतं आणि सगळे मान डोलवतात.

पैसा मात्र सभासदांचा असतो. केंद्राच्या १० हजार कंपन्यांच्या योजनेत एका कंपनीला ३ वर्षांसाठी जास्तीत जास्त १८ लाख रुपये व्यवस्थापन खर्चाला मिळतात. पगार, ऑफिस, प्रवास त्यातच. सभासदाच्या शेअरवर सरकार माणशी २ हजारांपर्यंत तेवढीच भर घालतं. ३ वर्षांनी कंपनीला स्वतःच्या पायावर उभं राहायचं असतं. म्हणून न कळणाऱ्या भाषेवर खर्च करण्याआधी त्यामागचं काम समजून घेतलेलं बरं.

शब्दाला शब्द लावला की घोळ

इंडोनेशियाचंच उदाहरण घ्या. तिथल्या भाषेत कांदा-लसूण या सगळ्या कुळाला ‘बावांग’ म्हणतात. ‘मेराह’ म्हणजे लाल आणि ‘पुतिह’ म्हणजे पांढरा. आता ‘लाल कांदा’ याला शब्दाला शब्द लावला तर होतो ‘बावांग मेराह’. पण तिथे बावांग मेराह म्हणजे आपला लाल कांदा नाही. तो छोटा, एका गड्ड्यात पाच-सहा येणारा कांदा, आपल्याकडे दक्षिणेत सांबारात घालतात तसला.

पुढे गंमत वाढते. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे. त्याच्या ‘पांढरा कांदा’ या नावाचं शब्दशः भाषांतर ‘बावांग पुतिह’. इंडोनेशियात बावांग पुतिह म्हणजे लसूण!

मग आपल्याकडच्या मोठ्या कांद्याला ते काय म्हणतात? ‘बावांग बॉम्बे’. आपल्या मुंबईचंच नाव तिथल्या बाजारात कांद्याला चिकटलेलं आहे. शेजारच्या मलेशियात भाषा जवळपास तीच, पण तिथे मोठ्या कांद्याला ‘बावांग बेसार’ म्हणतात, बेसार म्हणजे मोठा. म्हणजे दोन शेजारी देश, सख्ख्या बहिणींसारख्या दोन भाषा आणि एकाच कांद्याला दोन नावं.

शोध लागण्याचं पहिलं गणित इथे आहे. गुगल माणसाने टाकलेला शब्द आणि पानावरचा मजकूर यांची सांगड घालतं. जकार्ताचा आयातदार ‘बावांग बॉम्बे’ शोधतोय आणि आपल्या पानावर सगळीकडे ‘बावांग मेराह’ लिहिलंय, तर ते पान त्याच्यापर्यंत जाणार कसं? गेलंच तर छोट्या कांद्याच्या गिऱ्हाईकापुढे जाईल. तो फोटो बघून बंद करेल.

इंग्रजीतही हेच आहे. आपण भेंडीला ‘लेडी फिंगर’ म्हणतो, अमेरिकेत ‘ओक्रा’ म्हणतात, अरबीत ती ‘बामिया’ आहे. जर्मनीत घरचा माणूस खायच्या द्राक्षाला ‘वाइनट्राउबेन’ म्हणतो, पण व्यापारात ‘टाफेलट्राउबेन’ हा शब्द चालतो. कंटेनर विकायचा असेल तर व्यापाऱ्याचा शब्द पाहिजे, घरगुती पाकीट विकायचं असेल तर घरचा.

बटण दाबून भाषा बदलते, पण…

बऱ्याच वेबसाइटवर कोपऱ्यात भाषा बदलायचं बटण असतं. ते दाबलं की पान अरबी किंवा जर्मन होतं. बैठकीत हे दाखवलं की काम झालंसं वाटतं. पण यात दोन प्रकार आहेत.

एका प्रकारात बटण दाबल्यावर बघणाऱ्याच्या मोबाइलमध्ये तेवढ्यापुरतं भाषांतर होतं. वेबसाइटवर मूळ पान इंग्रजीच राहतं. गुगलचा यंत्र-वाचक पानं वाचायला येतो तेव्हा तो बटण दाबत बसत नाही. त्याच्या खात्यात इंग्रजी पानाचीच नोंद होते. मग इंडोनेशियन शब्दाने शोधणाऱ्याला ते पान सापडायचा प्रश्नच येत नाही.

दुसऱ्या प्रकारात प्रत्येक भाषेच्या पानाला स्वतःचा वेगळा पत्ता असतो. गुगलचा सल्ला याच पद्धतीचा आहे. त्याच्या जोडीला ‘एचरेफलँग’ नावाची खूण लावतात. ती पद्धत गुगलने २०११ मध्ये आणली. ही खूण सांगते की या पानाची इंडोनेशियन आवृत्ती अमुक पत्त्यावर आहे, इंग्रजी तमुक पत्त्यावर. सोयरीक दोन्हीकडून कबूल व्हावी लागते तसं हे आहे. इंग्रजी पानाने इंडोनेशियन पानाचं नाव सांगितलं आणि उलट बाजूने सांगितलंच नाही, तर गुगल ती खूण सोडून देऊ शकतं. देशाचं चिन्हही बरोबर पाहिजे. ब्रिटनसाठी ‘जीबी’ लिहायचं असतं, बरेच जण ‘यूके’ लिहून मोकळे होतात.

खूण लावली म्हणून नंबर वर येत नाही, हेही समजून घ्यावं. ती फक्त योग्य माणसाला योग्य भाषेचं पान दाखवायला मदत करते. पानात दम असावाच लागतो.

आणखी एक चूक होते. बघणारा कुठल्या देशातून आला हे ओळखून वेबसाइट त्याला आपोआप एकाच भाषेत ढकलते. गुगलचा यंत्र-वाचक बहुतेक वेळा अमेरिकेतून येतो. त्याला दरवेळी इंग्रजी पानावरच ढकललं, तर बाकीच्या भाषांची पानं त्याच्या नजरेलाच पडत नाहीत.

यंत्राच्या भाषांतराचं काय?

यंत्राने भाषांतर करणं गुन्हा नाही. आजकाल ते बरंही होतं. पण न तपासता, थोक भावात शेकडो पानं भाषांतर करून टाकली आणि वाचणाऱ्याला त्यात काही मिळालं नाही, तर गुगल ते कचऱ्यात धरतं. मार्च २०२४ मध्ये अशा घाऊक मजकुराविरुद्धचे नियम गुगलने कडक केले. १२ भाषांतल्या ६०० पानांपेक्षा एका भाषेतली ६ नीट पानं कामाची.

त्या सहा पानांवर काय पाहिजे? खरेदीदार फोनवर जे विचारतो तेच. कांद्याचा आकार किती मिलिमीटर, गोणी किती किलोची, रंग आणि पापुद्रा कसा, माल कोणत्या महिन्यात निघतो, कोणत्या बंदरातून भरतो, फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र आणि अंश तपासणीचा अहवाल मिळतो का. ‘लासलगाव’ किंवा ‘अलिबाग’ ही मानांकनाची नावं भाषांतर न करता तशीच ठेवावीत, शेजारी तिथला शब्द द्यावा.

ही पानं त्या भाषेत वाढलेल्या किंवा ती नीट शिकलेल्या माणसाकडून एकदा वाचून घ्यावीत. जर्मनसाठी तर लांब जायला नको. पुण्यात मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकलेली मराठी मुलं-मुली बरीच आहेत. सहा पानं तपासायचा खर्च अख्ख्या वेबसाइटपुढे किरकोळ आहे.

भाषा पाहिजेच का?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा, पण तो सहसा शेवटी राहतो. आपली द्राक्षं युरोपात सर्वात जास्त नेदरलँड्समार्गे जातात. तिथला आयातदार सफाईने इंग्रजी बोलतो. शिवाय सुपरमार्केटचा माल ठरलेल्या आयातदारांकडून आणि ग्लोबल गॅपसारख्या प्रमाणपत्रावर जातो. डच भाषेतलं पान बघून कुणी कंटेनर मागवणार नाही. दुबईच्या बाजारात इंग्रजी आणि हिंदीवरही व्यवहार चालतात. तिथे चांगली इंग्रजी वेबसाइट पुरू शकते.

चीनमध्ये तर गुगलच चालत नाही, २०१० मध्ये गुगलने तिथली शोधसेवा गुंडाळली. तिथे बायडू आहे. रशियात यांडेक्सचा जोर आहे, दक्षिण कोरियात नेव्हरचा. चिनी भाषेतली वेबसाइट गुगलवर पहिली आणून देतो असं कुणी म्हणालं, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं.

वेबसाइट परवाना देत नाही हेही लक्षात ठेवावं. आयात-निर्यात कोड आणि अपेडाची नोंदणी आपल्याकडे लागतेच. इंडोनेशियात भाजीपाला-फळं आणायला तिथल्या आयातदारालाही सरकारची परवानगी काढावी लागते. आणि दिल्लीने पुन्हा शुल्क लावलं, तर कुठल्याही भाषेतलं पान कंटेनर हलवू शकत नाही. पान एवढंच करतं की दार उघडल्यावर खरेदीदाराला आपला पत्ता सापडतो.

सही करण्याआधी विचारायचे प्रश्न

१. पहिल्या नंबरची हमी देता का? ‘हो’ म्हणाले तर तिथेच थांबा. पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगल स्वतः सांगतं.

२. वेबसाइटचं नाव कुणाच्या नावावर नोंदणार? ते कंपनीच्याच नावावर आणि कंपनीच्याच ईमेलवर पाहिजे. नाहीतर एजन्सीशी वाजलं की सातबारा दुसऱ्याच्या नावावर, असा प्रकार होतो.

३. गुगल सर्च कन्सोल जोडून देणार का? ते फुकट आहे. कोणत्या देशातून, कोणता शब्द टाकल्यावर आपलं पान दिसलं, हे त्यात कळतं. त्याची चावी कंपनीकडे पाहिजे.

४. प्रत्येक भाषेला वेगळा पत्ता आहे का? गुगलमध्ये इंग्रजीत ‘साइट’, त्याला चिकटून दोन टिंबं आणि वेबसाइटचं नाव टाका. गुगलने नोंदलेली पानं समोर येतात. परदेशी भाषेचं एकही पान दिसलं नाही, तर विचारणा करा.

५. शब्द कसे ठरवले? ‘कीवर्ड मेटा टॅगमध्ये शब्द भरले’ एवढंच उत्तर असेल तर ते जुनाट आहे. तो टॅग आपण वापरत नाही, हे गुगलने २००९ मध्येच सांगितलं.

६. चौकशी आली तर उत्तर कोण देणार? इंडोनेशियन पान वाचून आलेला माणूस इंडोनेशियनमध्येच लिहील. चार दिवस उत्तर गेलं नाही तर तो पुढच्या दुकानात जातो.

आणि घाई नको. चांगल्या कामाचाही परिणाम दिसायला साधारण ४ महिने ते १ वर्ष लागतं. रोप टाकल्यावर दुसऱ्या दिवशी कुणी काढणीला जात नाही. मार्च-एप्रिलमध्ये निघणाऱ्या उन्हाळ कांद्यासाठी पान करायचं तर ते आदल्या पावसाळ्यातच तयार पाहिजे.

एक तपासणी आज रात्री घरबसल्या करता येईल. मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत ‘बावांग पुतिह’ टाइप करा आणि फोटो बघा. लसणाचे गड्डे दिसतील. मग ‘बावांग बॉम्बे’ टाका, आपला कांदा समोर येईल. पुढच्या बैठकीत एजन्सीवाला आला, की पांढऱ्या कांद्याचं पान उघडायला सांगा आणि त्यावर यातला कोणता शब्द लिहिलाय ते आधी बघा.