रुची संपल्यानंतरचा खेळ

पत्त्यांचा कंटाळा येणे ही काही नवी गोष्ट नव्हे. पावसाच्या झडीत झब्बूचे किंवा मेंढीकोटाचे दहा डाव झाले, की कोणीतरी पिसलेला कॅट खाली ठेवतो आणि मंडळी उठतात. त्याचे कोणास वाईट वाटत नाही. परंतु गेल्या दहाबारा वर्षांत संगणकाच्या व मोबाइलच्या पडद्यावर जे पत्त्यांचे खेळ आले आहेत, त्यांतून उठणे इतके सोपे राहिलेले नाही. गोडी केव्हाच संपलेली असते, तरीही खेळणारा रोज हजेरी लावीत असतो. रुची संपणे आणि खेळ संपणे ह्यांत जे अंतर येथे पडते, त्याचा विचार ह्या लेखात करावयाचा आहे. हे अंतर खेळणाऱ्याच्या दुबळेपणामुळे पडत नसून बहुतांशी खेळाच्या रचनेमुळे पडते, असे माझे मत आहे.

उदाहरणादाखल 'हार्थस्टोन' हा खेळ घेऊ. ब्लिझर्ड ह्या अमेरिकन कंपनीने तो २०१४ च्या मार्च महिन्यात प्रसिद्ध केला. प्रत्येक खेळाडूने आपल्या संग्रहातून ३० पत्ते निवडून जुडी बांधावयाची आणि दूर कोठेतरी बसलेल्या प्रतिस्पर्ध्याशी सामना करावयाचा. दोघांच्याही नायकांस आरंभी ३० एवढे आयुष्य असते. पहिल्या खेपेस खर्चावयास एक स्फटिक मिळतो, दुसरीस दोन, असे करीत दहापर्यंत मजल जाते, आणि प्रत्येक पत्त्यास ह्या स्फटिकांत मोजावयाची किंमत असते. हा पोरखेळ आहे असे ज्यांस वाटत असेल, त्यांनी ध्यानात घ्यावे की २०१८ साली जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत तो प्रदर्शनीय स्पर्धा म्हणून खेळला गेला, आणि भुजच्या तीर्थ मेहता ह्यांनी त्यात कांस्यपदक मिळविले.

ह्या खेळात पहिले काही महिने जी रुची वाटते ती खरी असते. शेकडो पत्त्यांतून ३० निवडण्याचे मार्ग मोजता येणार नाहीत इतके असतात, आणि त्यांतील कोणता मार्ग कोणत्या प्रतिस्पर्ध्यापुढे टिकेल हे शोधण्यात बुद्धीस पुष्कळ खाद्य मिळते. ह्या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे १९९३ साली छापील पत्त्यांत निघालेला 'मॅजिक: द गॅदरिंग' हा खेळ. त्याचे कर्ते रिचर्ड गारफील्ड हे क्रमचय-समचयांच्या गणितातच डॉक्टरेट मिळविलेले गृहस्थ होत, हे कळले म्हणजे खेळाच्या स्वभावाचा उलगडा होतो.

मग ही रुची ओसरते का? ह्याचे उत्तर मेंदूच्या शिकण्याच्या रीतीत आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ ह्यांनी माकडांच्या मेंदूतील डोपामीन स्रवणाऱ्या पेशींचा अभ्यास केला. माकडास अनपेक्षितपणे फळाचा रस दिला की ह्या पेशी उत्तेजित होत. परंतु रसापूर्वी नेहमी एक खूण दाखविली जाऊ लागली, तेव्हा काही काळाने पेशी खुणेलाच प्रतिसाद देऊ लागल्या, आणि प्रत्यक्ष रस मिळाला तरी त्या निश्चल राहिल्या. शुल्ट्झ, डायन व माँटेग्यू ह्यांनी १९९७ साली ह्याचा अर्थ असा लावला, की ह्या पेशी सुखाचे मोजमाप करीत नसून अपेक्षा व घटना ह्यांतील फरकाचे मोजमाप करतात. जे आधीच ठाऊक आहे, त्याची दखल घेण्याचे त्यांस कारण उरत नाही.

नवशिक्या खेळाडूस प्रतिस्पर्ध्याचा प्रत्येक पत्ता नवलाचा वाटतो. पाचशे डाव झाल्यावर समोरच्याची तिसरी खेळी पाहूनच त्याची सगळी जुडी ओळखता येते. खेळ बेचव झाला असे तो म्हणतो, पण वस्तुतः तो खेळ शिकला आहे. पाढे पाठ झाल्यावर पाढ्यांची गोडी राहिली नाही म्हणून कोणी त्या मुलास धरसोड वृत्तीचा म्हणत नाही. पडद्यावरील खेळ सोडणाऱ्या मुलासही तो शब्द लावू नये.

येथपर्यंत काहीच बिघडलेले नाही. बिघडते ते पुढे. खेळाचे पत्ते पाच-पाचांच्या बंद पुड्यांत मिळतात. पुडीत काय निघेल हे फोडल्यावाचून कळत नाही. सर्वांत दुर्मिळ प्रकारचा पत्ता सरासरीने वीस पुड्यांत एकदा निघतो. चीनमध्ये २०१७ साली अशा शक्यता जाहीर करण्याचे बंधन आले, तेव्हा कंपनीने हे प्रमाण प्रसिद्ध केले. 'सरासरीने वीसांत एकदा' ह्या शब्दांनी पुष्कळांची फसगत होते. प्रत्येक पुडीचा निकाल स्वतंत्र व शक्यता बरोबर एकविसांश असती, तर वीस पुड्या फोडूनही तसा पत्ता न निघण्याची शक्यता किती? ०.९५ ह्या संख्येस तिनेच वीस वेळा गुणावे. उत्तर सुमारे ०.३६ येते. म्हणजे शंभर जणांपैकी छत्तीस जण रिकाम्या हाताने परततील. प्रत्यक्षात खेळात चाळीस पुड्यांच्या आत एक तरी असा पत्ता देण्याची तजवीज आहे. त्यामुळे दुर्दैवास मर्यादा पडते, अनिश्चितता मात्र जात नाही.

आणि ही अनिश्चितताच सर्व कळीचा भाग आहे. डाव शिकता येतो, पुडी शिकता येत नाही. हजारावी पुडी फोडतानाही खेळाडूस पहिल्या पुडीइतकेच अज्ञान असते. म्हणून मेंदूतील ज्या यंत्रणेस डावाची दखल घेण्याचे कारण उरलेले नाही, तिला पुडीची दखल घ्यावीच लागते. फर्स्टर व स्किनर ह्यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कबुतरांवरील प्रयोगांचे तपशील आहेत. किती टोची मारल्यावर दाणा मिळेल हे अनिश्चित ठेवले, तर कबुतर सर्वांत जलद व अखंड टोची मारते, आणि दाणे बंद झाल्यावरही दीर्घकाळ मारीत राहते. रुची आणि ओढ ह्या दोन शब्दांचा आपण ढिलेपणाने एकाच अर्थी उपयोग करतो. येथे ते वेगळे ठेवले पाहिजेत. रुची डावात होती ती गेली, ओढ पुडीत आहे ती राहिली.

पुडी दोन मार्गांनी मिळते, पैसे देऊन किंवा राबून. आरंभीच्या वर्षांत 'अमुक इतके डाव जिंका' अशी रोजची कामगिरी मिळे, ती पुरी केल्यास खेळातले सोने हाती येई, आणि १०० सोन्यास एक पुडी मिळे. २०२० च्या नोव्हेंबरात ह्या पद्धतीची जागा गुणांच्या शिडीने घेतली, तरी रोजची हजेरी सुटली नाही. खेळाडू स्वतः ह्या राबण्यास 'ग्राइंड' म्हणतात. भाषांतरकारास सहसा इतके नेमके प्रतिशब्द लाभत नाहीत, पण येथे आपले 'दळण' तंतोतंत बसते.

बक्षिसाने खेळाचे दळण कसे होते, ह्याचा एक जुना प्रयोग आहे. लेपर, ग्रीन व निस्बेट ह्यांनी १९७३ साली बालवर्गातील, चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली मुले निवडली. काहींना आधीच सांगितले की चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काही न सांगता शेवटी ते दिले, आणि काहींना दिलेच नाही. एकदोन आठवड्यांनी वर्गात रंग मोकळे ठेवले, तेव्हा वचन दिलेल्या मुलांनी इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रांत घालविला. एकदा मजुरी ठरली की आवडीचे काम मजुरीसाठी केल्यासारखे वाटू लागते. पुडीसाठी डाव जिंकणाऱ्याची उरलीसुरली रुचीही अशीच आटते, असे मला वाटते.

आता कोणी विचारील, की एवढे कळते तर माणूस उठून का जात नाही? कारण आजवर घातलेला पैसा व वेळ डोळ्यांपुढे उभा राहतो. आर्क्स व ब्लूमर ह्यांच्या १९८५ च्या निबंधात, नाटकांच्या हंगामी तिकिटास पूर्ण किंमत मोजणारे प्रेक्षक सवलत मिळालेल्यांपेक्षा हंगामाच्या पूर्वार्धात अधिक प्रयोगांस आले, असे दिसते. गेलेला पैसा कोणत्याच बाजूने परत यावयाचा नव्हता. हार्थस्टोनमध्ये तर हिशेब स्पष्टच आहे. दुर्मिळ पत्ता घडविण्यास १,६०० माप भुकटी लागते, आणि तोच मोडल्यास ४०० माप परत मिळते. शिवाय वर्षातून सुमारे तीनदा नवे पत्ते निघतात, आणि २०१६ पासून मुख्य स्पर्धाप्रकारात जुने संच बाद होत जातात. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात दहा रंगांचे प्रत्येकी बारा असे १२० पत्ते असतात. एकदा डबी घेतली की खेळ पुरा. येथे डबी कधी भरतच नाही. तीही खेळाडूच्या घरी नसते. २०२३ च्या जानेवारीत कंपनीचा चीनमधील करार संपला आणि तेथील खेळाडूंचे संग्रह एका दिवसात हाताबाहेर गेले. २०२४ च्या सप्टेंबरात खेळ परतला खरा, पण मधले वीस महिने ते पत्ते कोणाचे होते?

असे खेळ मुलांना वर्ज्य करावेत, असे माझे म्हणणे नाही. त्यांतील गणित चांगले आहे, आणि पुड्यांचा हिशेब तर वर्गात फळ्यावर मांडण्याजोगा आहे. शिक्षकांनी व पालकांनी 'किती वेळ खेळलास?' ह्याऐवजी दुसरा प्रश्न विचारून पाहावा. आज कामगिरी नाही, सोने नाही, पुडी नाही, केवळ डाव आहे असे समज. तरी बसशील का? मुलाने 'हो' म्हटले तर त्यास अवश्य खेळू द्यावे. आणि उत्तर देण्यापूर्वी ते थोडे थांबले, तर त्यास लगेच काही सांगू नये. तो हिशेब त्याचा त्याला करू द्यावा.