उकळलं तरी खारंच

पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातली, दर्यापूर-अकोटकडची मुलं हमखास विचारतात, "सर, अम्मी पाणी उकळते, तरी खारंच का?"

आम्ही सांगतो, मिठात सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊनच टाकतो. मग धन आणि ऋण आयनांची जी ओढ, तो आयनिक बंध. पाण्यात हे आयन सुटे होतात. उकळल्यावर वाफ जाते ती पाण्याची. उरलेलं आणखी खारट.

इफ्तारच्या शरबतातली साखर वेगळी. तिथे अणू इलेक्ट्रॉन भागीदारीत वापरतात, हा सहसंयुज बंध. विरघळली तरी रेणू अख्खा.

उकळण्याने जंतू मरतात, तुरटीने गाळ बसतो. खार काढायला आरओच लागतो, नाहीतर पावसाचं पाणी साठवावं. घरात कुणाला बीपीमुळे मीठ कमी सांगितलं असेल, तर पिण्याचं पाणीही त्या हिशेबात धरा.