रक्ताचे पाणी

आपल्या मराठीने रक्ताला फार राबवून घेतले आहे. नाते रक्ताचे, वैर रक्ताचे. बाप मुलांसाठी रक्त आटवतो आणि आई रक्ताचे पाणी करून संसार उभा करते. हे वाक्प्रचार वर्गात शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली. पण काही माणसे रक्ताचे पाणी अगदी शब्दशः करतात आणि त्यातूनच रोगी बरे होतात, हे मला गेल्या वर्षी कळले.

निमित्त झाले आमच्या मेहुण्यांचे. हृदयाच्या तीन धमन्या तुंबलेल्या, बायपास ठरली. घरात लगेच यादी सुरू झाली. कोणाचा रक्तगट कोणता, कोण केव्हा येणार! आणि इकडे डॉक्टरांनी शस्त्रक्रियाच तीन आठवडे पुढे ढकलली. हिमोग्लोबिन साडेनऊ. “रक्त कमी का झाले ते आधी पाहू, लोहाची इंजेक्शने देऊ, तेवढे थांबण्यासारखी प्रकृती आहे,” ते म्हणाले.

वहिनी चिडल्या. “अहो, दोन बाटल्या चढवा की! आमची माणसे तयार आहेत.”

“ताई, दुसऱ्याचे रक्त म्हणजे टॉनिक नव्हे. गरज असेल तर जरूर देऊ. पण गरज पडू नये, हे पाहणे आधी आमचे काम.”

मला कुतूहल वाटले आणि मी वाचू लागलो. हृदय थांबवून शस्त्रक्रिया करायची तर रक्त बाहेरच्या यंत्रातून फिरवावे लागते. अशी पहिली यशस्वी शस्त्रक्रिया जॉन गिबन यांनी फिलाडेल्फियात ६ मे १९५३ रोजी केली. त्या काळी हे यंत्र भरायलाच दात्यांच्या रक्ताच्या कितीतरी बाटल्या लागत. पुढे ह्यूस्टनला डेंटन कूली यांच्याकडे ‘यहोवाचे साक्षीदार’ ह्या पंथाचे रोगी येऊ लागले. परक्याचे रक्त घेणे त्यांच्या धर्माला मान्य नव्हते. कूलींनी यंत्रात रक्ताऐवजी चक्क साखरेचे पाणी भरले! रोग्याचे रक्त काही वेळ पातळ होते, पण निभावते. १९७७ साली त्यांनी अशा रोग्यांवरील ५४२ शस्त्रक्रियांचा अहवाल प्रसिद्ध केला.

मग काटकसरीच्या आणखी युक्त्या निघाल्या. सांडलेले रक्त शोषून, धुऊन रोग्यालाच परत द्यायचे. तपासणीसाठी लहान नळीत थोडेच रक्त काढायचे. रक्तस्राव आवरायला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड द्यायचे. हे औषध जपानच्या ओकामोटो दांपत्याने १९६२ मध्ये पुढे आणले.

पण हात आखडता घेतल्याने रोगी दगावत तर नाही ना? २०१७ साली १९ देशांतल्या सुमारे ५,००० हृदयरोग्यांवरील अभ्यासाने ह्याचे उत्तर दिले. एका गटाला हिमोग्लोबिन साडेसाताखाली गेल्यावरच रक्त दिले, दुसऱ्याला साडेनवाखाली जाताच. मृत्यू, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, मूत्रपिंडाचा बिघाड ह्या सर्वांत पहिला गट मागे पडला नाही. रक्त मात्र पहिल्यात ५२ टक्क्यांना लागले, दुसऱ्यात ७३ टक्क्यांना.

शस्त्रक्रियेनंतर मेहुण्यांचे हिमोग्लोबिन आठाच्या थोडे वर होते. चेहरा पांढराफटक. “दादाकडे बघवत नाही हो, एक बाटली तरी द्यायला सांगा,” सौभाग्यवती डोळे पुसत म्हणाल्या. मी हे सारे वाचलेले, तरी माझेही मन डळमळले. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, लघवीचे प्रमाण पाहिले, आणि थांबायचे ठरवले. दहाव्या दिवशी मेहुणे स्वतःच्या पायांनी जिना चढून घरी आले. बाटली एकही लागली नाही.

असे प्रत्येकाचे होईल असे नव्हे. भळाभळा रक्त गेले तर दात्याची बाटली हेच जीवन. म्हणून रक्तदान थांबवून चालायचे नाही. उलट, जपून वापरले तरच ते खऱ्या गरजवंताला पुरते. डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली आपल्या मुंबईत जो दुर्मीळ ‘बॉम्बे’ रक्तगट शोधला, त्या गटाच्या माणसाला त्याच गटाचे रक्त लागते. त्याने ऐन वेळी दाता कोठून आणावा?

तेव्हा वाचकहो, घरात कोणाची मोठी शस्त्रक्रिया ठरली, तर दात्यांची यादी करण्याआधी डॉक्टरांना एवढे विचारा: “हिमोग्लोबिन किती? कमी असेल तर आधी वाढवता येईल का? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या केव्हा थांबवायच्या?” स्वतःच्या मनाने मात्र एकही गोळी बंद करू नका.