शेतकऱ्याची बंदूक, दुचाकी आणि कायदा

निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली, की कोकणातील शेतीसंरक्षक बंदुका पोलीस ठाण्याच्या वाटेला लागतात. २०२४ मध्ये ही वेळ दोनदा आली. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, तेव्हा आंबा-काजूचा हंगाम होता. विधानसभेची १५ ऑक्टोबरला लागली, तेव्हा भातकापणी सुरू होती. रानडुक्कर, माकडे आणि गवे यांच्यापासून पीक राखण्याच्या ऐन दिवसांत शस्त्र जमा करावे लागते, ही तक्रार जुनीच आहे. ज्यांच्याकडून धोका संभवतो, अशांचीच शस्त्रे छाननी समितीने पाहून जमा करून घ्यावीत, असे निवडणूक आयोगाच्या सूचना सांगतात. मात्र ही बंदूक गावातून ठाण्यापर्यंत न्यायची कशी, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे हौसेची शिकार इतिहासजमा झाली. त्यामुळे ग्रामीण भागातील परवानाधारक बंदूक ही बहुतांशी पीकसंरक्षणाची असते आणि तिच्या मालकाजवळ वाहन म्हणून असते ती दुचाकी. शस्त्र नियम, २०१६ मधील ३२ वा नियम याबाबत स्पष्ट आहे. सार्वजनिक ठिकाणी लांब नळीची बंदूक तिच्यासाठी बनविलेल्या आवरणातच नेली पाहिजे, ती पूर्णपणे झाकलेली असली पाहिजे आणि नेणाऱ्याचा तिच्यावर प्रभावी ताबा असला पाहिजे. या नियमाचा भंग परवान्यावर बेतू शकतो.

यातील ‘प्रभावी ताबा’ हीच दुचाकीस्वाराची खरी अडचण आहे. दोन्ही हात हँडलवर गुंतलेले असतात. बंदूक गाडीला बांधून चहाच्या टपरीवर थांबले, की ताबा सुटला. ती उघडी खांद्याला अडकवली, की आवरणाची अट मोडली. पाठीवर आडवी घेतली, तर घसरून पडल्यास पाठीच्या कण्याला इजा होण्याची भीती. सिंगल बॅरल काडतुसी बंदुकीचे दस्ता, नळी आणि नळीखालचा लाकडी भाग सुटे करता येतात. ते आवरणात घालून पाठीवर घट्ट बांधणे आणि काडतुसे वेगळ्या पिशवीत ठेवणे, हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग होय. ठासणीच्या बंदुकीची गोष्ट निराळी आहे. एकदा दारू ठासली, की ती सहजासहजी रिकामी करता येत नाही. अशी भरलेली बंदूक खड्ड्यांच्या रस्त्यावरून नेणे म्हणजे अपघाताला आमंत्रणच.

परवानाधारक वृद्ध असेल तर पेच आणखी वाढतो. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या तिसऱ्या कलमानुसार परवानाधारकाच्या उपस्थितीत किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्या व्यक्तीला शस्त्र नेता येते. परंतु ही सवलत दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण आणि स्वतः परवानाधारकाचा वापर यांपुरतीच आहे. आचारसंहितेसाठी शस्त्र जमा करण्याचा त्यात उल्लेख नाही. वडिलांची बंदूक ठाण्यात पोहोचविणारा मुलगा कायद्याच्या कोणत्या बाजूला उभा आहे, हे त्यामुळे नाक्यावरील पोलिसाच्या समजुतीवर अवलंबून राहते.

वाट कोणती, यालाही महत्त्व आहे. अभयारण्यात लेखी पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र नेण्यास वन्यजीव कायद्याच्या ३१ व्या कलमाने मनाई आहे. फोंडा घाट चढून कोल्हापूरकडे जाणारा रस्ता राधानगरी अभयारण्याच्या परिसरातून जातो. बंदूक दुरुस्तीला त्या वाटेने नेणाऱ्याला परवाना खिशात असूनही गुन्ह्याला सामोरे जावे लागू शकते. परवान्यावर नोंदलेले क्षेत्र ओलांडले, तर आणखी एक अडचण उभी राहते.

पोलीस व वनखात्याचा संशय अनाठायी म्हणता येणार नाही. रात्री दुचाकीवरून बिनपरवाना बंदुका घेऊन फिरणारे चोरटे शिकारीही याच रस्त्यांवर असतात. म्हणूनच प्रामाणिक परवानाधारक आणि चोरटा शिकारी यांतील फरक कागदावर दिसला पाहिजे. शस्त्र जमा करण्याच्या नोटिशीवरच वाहतुकीची तारीख, मार्ग आणि बंदूक नेणाऱ्याचे नाव नोंदविता येईल. दुर्गम गावांतील शस्त्रे पोलीस दूरक्षेत्रात स्वीकारता येतील. नूतनीकरणाच्या वेळी आवरणाची तपासणीही करता येईल. शासन ज्या प्रवासाची सक्ती करते, तो निर्धोक आणि निःसंदिग्ध करण्याची जबाबदारीही शासनाचीच आहे.