इंधनाचा समतोल आणि मालकीचा प्रश्न

राष्ट्रीय ऊर्जाधोरणाच्या चर्चेत सध्या 'समतोल' ह्या शब्दाला मोठा भाव आला आहे. कोळसा एकदम सोडता येत नाही, अणुवीज टाळता येत नाही, सूर्य आणि वारा ह्यांच्यावर सर्वस्वी विसंबता येत नाही. सबब तिन्हींचा समतोल साधावा, असे शासनाचे तज्ज्ञ सांगतात, उद्योगपतींच्या संघटना सांगतात, आणि अलीकडे आपल्यातलेही काही विचारवंत त्यावर मान डोलावू लागले आहेत. हे वाक्य इतके निरुपद्रवी आहे की त्याला विरोध करणारा माणूस हेकटच ठरावा. तथापि त्याला विरोध करणे मला अगत्याचे वाटते. कारण हा समतोल इंधना-इंधनांतला आहे, माणसा-माणसांतला नाही. वीज कशापासून करावयाची ह्याचा काथ्याकूट चालू ठेवून ती कोणाच्या मालकीची, कोणाच्या खर्चाने आणि कोणासाठी, हे तीन प्रश्न चर्चेच्या बाहेर ठेवले जातात.

नकाशा समोर घेऊन त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूलवर बोट ठेवा. पूर्वेला सरळ रेषेत सुमारे पन्नास किलोमीटरवर एकलहऱ्याचे औष्णिक वीज केंद्र आहे. पश्चिमेला घाट उतरून जव्हार ओलांडले की शंभर किलोमीटरच्या आत तारापूर, म्हणजे १९६९ साली सुरू झालेले देशातले पहिले अणुवीज केंद्र. दक्षिणेला वैतरणेचे धरण. त्याच्या पाण्यावर ६० मेगावॅटचे जलविद्युत केंद्र चालते आणि ते पाणी पुढे मुंबईची तहान भागवते. कोळसा, अणू आणि पाणी, तिन्ही इतकी जवळ असलेला प्रदेश शोधूनही सापडणार नाही. समतोलाच्या पंडितांनी येथे येऊन पाहावे. ह्या पट्ट्यातील पाड्यांवर आजही बाया डोक्यावरून लाकडाच्या मोळ्या आणतात. पावसाळी वारा सुटला की दिवे जातात ते परत कधी येतील ह्याचा नेम नसतो. आणि जेथे पाऊस कोसळतो तेथेच चैत्र-वैशाखात विहिरीच्या तळातून वाटीवाटीने पाणी भरावे लागते. तारा आल्या आहेत, मीटर लागले आहेत, कागदोपत्री विद्युतीकरण पूर्ण झाले आहे. मात्र दिवा लागणे आणि ऊर्जा मिळणे ह्या दोन भिन्न गोष्टी होत. ज्या विजेने पाणी चढत नाही, चूल सुटत नाही आणि दळण-कांडणापलीकडचा एकही धंदा गावात उभा राहत नाही, तिला विकासाची ऊर्जा म्हणणे ही फसवणूक आहे.

शेतीपंपांना मोफत वीज दिली ना, असे येथे विचारले जाईल. राज्य शासनाने २०२४ साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल माफ केले, हे खरे. कोरडवाहू महाराष्ट्रातील अडचणीतल्या शेतकऱ्याला त्याचा आधार झाला, ह्याबद्दल वाद नाही. परंतु ज्याच्याकडे विहीर नाही आणि पंपही नाही, त्याला ह्यातून काय मिळाले? नागली, वरई आणि पावसाळी भात काढणारा येथला कोकणा, वारली, महादेव कोळी शेतकरी दसरा-दिवाळीनंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर मजुरीला जातो. बागेतला पंप मोफत फिरतो आणि बागेतला मजूर हंगाम संपला की कोरड्या गावी परततो. अनुदानसुद्धा मालमत्तेच्या प्रमाणात वाटले जाते, हा अर्थशास्त्राचा जुना धडा येथे उघड्या डोळ्यांनी वाचता येतो.

आता मालकीच्या प्रश्नाकडे वळू. त्यासाठी नाशिक जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. एकलहऱ्याचे पहिले दोन संच, प्रत्येकी १४० मेगावॅटचे, आयुष्य संपल्यामुळे बंद झाले. २१० मेगावॅटचे तीन राहिले. जुन्या संचांच्या जागी ६६० मेगावॅटचा सार्वजनिक संच मंजूर झाला, तो उभा राहिला नाही. त्याच जिल्ह्यात, त्याच काळात, सिन्नरजवळ विशेष आर्थिक क्षेत्राच्या नावाने शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन १,३५० मेगावॅटचा खाजगी औष्णिक प्रकल्प मात्र उभा राहिला. उभा राहिला आणि तसाच उभा राहिला! वीज विकत घेण्याचा करार नाही, कोळसा आणणाऱ्या रेल्वेमार्गाचे काम अपुरे, अशा स्थितीत ते केंद्र वर्षानुवर्षे जवळजवळ बंद राहिले आणि अखेरीस दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे गेले. कर्ज दिलेले होते ते प्रामुख्याने सार्वजनिक वित्तसंस्थांनी. म्हणजे जमीन शेतकऱ्याची गेली, पैसा जनतेचा अडकला, आणि वीज कोणालाच मिळाली नाही. खाजगी उद्योजक जोखीम पत्करतो म्हणून त्याला नफ्याचा अधिकार आहे, असे आम्ही वर्गात शिकवीत होतो. ती जोखीम प्रत्यक्षात कोणी पत्करली हे सिन्नरच्या माळावरच्या थंड चिमण्यांना विचारावे. दाभोळच्या एन्रॉनची कथा महाराष्ट्र विसरला असेल तर तिची ही दुसरी आवृत्ती होय. तेथे नाफ्ता आणि वायू होता, येथे कोळसा आहे. इंधन बदलले, हिशेब बदलला नाही.

अणुशक्तीच्या बाबतीतही हाच निकष लावला पाहिजे. अणू म्हटले की कानांवर हात ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. काक्रापारचे ७०० मेगावॅटचे दोन संच भारतीय शास्त्रज्ञांनी आणि कामगारांनी स्वत:च्या आराखड्यावर उभारून २०२३ आणि २०२४ मध्ये व्यापारी उत्पादनात आणले. सार्वजनिक क्षेत्राचे हे कर्तृत्व नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी उठविलेल्या अक्करपट्टी आणि पोफरण गावांच्या पुनर्वसनाची रड मात्र ह्याच सार्वजनिक क्षेत्राच्या खात्यावर मांडावी लागते, हेही लपवता कामा नये. परंतु आज जे चालले आहे ते निराळेच आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुवीज हे लक्ष्य जाहीर झाले. त्याच वर्षी डिसेंबरात संसदेने 'शांती' असे गोंडस नाव असलेला कायदा मंजूर करून खाजगी भांडवलाला अणुवीज केंद्रांचे दार उघडून दिले. भोपाळच्या मृतांची आठवण ठेवून २०१० च्या कायद्याने सदोष सामग्री पुरविणाऱ्या कंपनीकडून भरपाई वसूल करण्याचा जो हक्क राखला होता, तोही ह्या फेऱ्यात काढून टाकण्यात आला. परदेशी पुरवठादार पंधरा वर्षे नेमके हेच मागत होते. जैतापूरला ज्या जातीच्या अणुभट्ट्या आणावयाच्या आहेत, त्यांतली फ्रान्समधल्या फ्लामांव्हिलची भट्टी २००७ मध्ये सुरू झालेल्या बांधकामानंतर २०२४ च्या डिसेंबरात जाळ्याला जोडली गेली, ३.३ अब्ज युरोंचा अंदाज १३ अब्जांच्या पुढे गेला. नफा खाजगी, अपघाताची भीती मच्छीमाराची आणि वाढीव खर्च ग्राहकाचा, ह्याला समतोल म्हणावयाचे असेल तर शब्दकोश बदलावा लागेल.

मग सूर्यप्रकाश तरी सर्वांचा आहे ना? आहे, पण त्याखालची जमीन सर्वांची नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्र शासनाने जाहीर केले की देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता आता खनिज इंधनाव्यतिरिक्त साधनांची झाली. ही बाब आनंदाची आहे, मात्र क्षमता म्हणजे उत्पादन नव्हे: २०२४-२५ मध्ये प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेतली सत्तर टक्क्यांहून अधिक कोळशाचीच होती आणि त्याच वर्षी देशातील कोळशाच्या उत्पादनाने १०० कोटी टनांची मर्यादा ओलांडली. सूर्य मावळल्यावरच दिव्यांची मागणी वाढते, म्हणून साठवण हवी; साठवणीसाठी उदंचन प्रकल्प, म्हणजे दिवसा पाणी वरच्या जलाशयात चढवावयाचे आणि संध्याकाळी खाली सोडून वीज करावयाची. ह्याला दोन जलाशय आणि मध्ये उभा कडा लागतो. असा कडा सह्याद्रीतच मिळतो आणि त्याच्या माथ्या-पायथ्याशी आदिवासीच राहतो. घाटघरचा २५० मेगावॅटचा असा प्रकल्प सार्वजनिक होता. आता शासन खाजगी कंपन्यांशी करार करीत सुटले आहे, आणि इगतपुरी तालुक्यातील भावलीच्या परिसरात १,५०० मेगावॅटची योजना आहे. शंभर वर्षांपूर्वी मुळशीच्या मावळ्यांना टाटांच्या विजेसाठी उठविले तेव्हा ती वीजही 'स्वच्छ'च होती, धूर न सोडणारी. सेनापती बापट ज्याविरुद्ध उभे राहिले ते पाण्याविरुद्ध नव्हे.

आपल्या साथींनाही येथे दोन शब्द सुनावणे भाग आहे. आपल्या मोर्चांत अणुविरोधी घोषणा उत्साहाने दिल्या जातात, सौरऊर्जेचे गुणगान होते, आणि कोळशाच्या प्रश्नावर आपण गप्प बसतो. कारण एकलहरे, कोराडी, चंद्रपूर येथील कामगार आपले आहेत. ह्या मौनाने कामगाराचे हित होत नाही. संच म्हातारे होऊन बंद पडणारच आहेत. त्या वेळी कंत्राटी कामगाराला हातात नारळ मिळणार की नव्या सार्वजनिक केंद्रात पक्की नोकरी, हे आज भांडून ठरविले पाहिजे. ४ जानेवारी २०२३ रोजी वीज कर्मचाऱ्यांनी समांतर खाजगी परवान्याविरुद्ध संप पुकारला तेव्हा शासनाला त्याच दिवशी वाटाघाटीस बसावे लागले. ती ताकद नुसत्या पगारवाढीपुरती राखून ठेवावयाची आहे काय? ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने विद्युत कायद्याच्या दुरुस्तीचा नवा मसुदा पुढे आणला, त्याचा रोखही वितरणात खाजगी कंपन्यांना वाट करून देण्याकडेच आहे.

नुसत्या विरोधाने भागत नाही, म्हणून एक साधा हिशेब मांडतो. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) अन्वये, ग्रामसभेच्या शिफारशीने, शासनाने चालवावयाच्या सोयींसाठी एक हेक्टरच्या आतील वनजमीन देता येते. ह्या सोयींच्या यादीत अपारंपरिक ऊर्जेचा स्पष्ट उल्लेख आहे. 'शासनाने चालवावयाच्या' हे शब्द महत्त्वाचे. खाजगी कंपनीला ह्या वाटेने येता येत नाही. एका हेक्टरावर ढोबळ मानाने अर्ध्या मेगावॅटचे सौर संच बसतात आणि त्यांतून वर्षाला सात लाख युनिटांच्या आसपास वीज मिळावी. एका घराला महिन्याला ५० युनिट धरले तर हजारावर घरांची ही गरज झाली. रात्रीचा आणि आषाढ-श्रावणातला भार जाळ्यावरच राहील, हे मान्य. म्हणूनच मी जाळे सार्वजनिक ठेवा म्हणतो, जाळ्यातून बाहेर पडा म्हणत नाही. पण उन्हाळ्यात, म्हणजे पाणी नसते आणि ऊन मुबलक असते त्याच दिवसांत, ह्या विजेने खालच्या नदीतले पाणी पाड्यावर चढू शकते. दमणगंगेच्या खोऱ्यातले पाणी पिंजाळमार्गे मुंबईला नेण्याच्या योजना शासनाजवळ आहेत. तेच पाणी शे-दोनशे फूट वर चढविण्याची योजना मात्र त्याला सुचत नाही.

२०१८ च्या मार्चमध्ये ह्याच डोंगरांतून निघालेले हजारो आदिवासी रक्ताळलेल्या पायांनी नाशिकहून मुंबईला चालत गेले, ते वनहक्काच्या कागदासाठी. ज्यांना तो कागद मिळाला आहे त्या गावांतून आता पुढचे काम सुरू करावे. हरसूल, पेठ, सुरगाणा भागातील आपल्या कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी प्रत्येक पाड्यावर चार गोष्टी वहीत उतरवून घ्याव्यात: वीज दिवसाला किती तास असते, गेली तर किती दिवसांनी येते, वर्षात गॅसची टाकी किती वेळा भरली, आणि उन्हाळ्यात पाणी किती खालून आणावे लागते. नंतर पेसा कायद्याखालील ग्रामसभेत एक हेक्टरच्या सार्वजनिक सौर केंद्राचा ठराव मांडावा, त्यावर अंगठे-सह्या घ्याव्यात, आणि ठरावाची प्रत वहीतील आकड्यांसह तहसील कचेरीत पोच घेऊन द्यावी.