घड्याळ विसरणारा संगणक

संगणक चालू करावा तर काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटतात, 'एफ १ दाबा' म्हणून तो अडून बसतो, आणि कोपऱ्यात तारीख दिसते १ जानेवारी २००९! मैत्रिणींनो, जुन्या संगणकाने असा हट्ट धरला तर घाबरू नका. आणि दुकानदार "बोर्ड गेला, आता नवीनच घ्या" म्हणाला तर लगेच मान डोलावू नका. आमच्या शेजारच्या वहिनींना असंच सांगितलं होतं. त्यांच्या डब्यांचा सगळा हिशेब त्या यंत्रात! बिघाड निघाला तो पन्नासएक रुपयांच्या सेलचा.

संगणक बंद असताना त्याचं घड्याळ चालतं कशावर, असा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. १९८१ सालच्या आय.बी.एम.च्या पहिल्या पी.सी.त असं घड्याळच नव्हतं. दर वेळी तारीख हाताने भरावी लागे. १९८४ च्या त्यांच्या ए.टी. मॉडेलमध्ये सेलवर चालणारं घड्याळ बोर्डावरच आलं. भिंतीवरचं बटण चालू असलं की या घड्याळाला तिथूनच वीज मिळते. पण आपण पडलो काटकसरी! काम संपलं की मुख्य बटण बंद, म्हणजे सगळा भार सेलवर. तरी बिचारा तीन ते पाच वर्षं, कधी त्याहूनही जास्त टिकतो.

तारीख चुकली की बँकेचं पानसुद्धा उघडत नाही, कारण अशा पानांच्या प्रमाणपत्रांना मुदत असते आणि संगणक ती आपल्या घड्याळाशी ताडून पाहतो. मात्र वेळ नेमकी साडेपाच तासांनी चुकत असेल तर सेलला दोष देऊ नका. तिथे देशाची वेळ चुकीची निवडलेली असते.

"सेल काढला तर मुलांचे फोटो जातील का हो?" हे मला हमखास विचारतात. नाही जात. फोटो, हिशेब, पत्रं सारं हार्ड डिस्कवर असतं. सेल सांभाळतो फक्त घड्याळ आणि सुरुवातीच्या काही सेटिंग्ज. त्या सेटिंग्जच्या पडद्यांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल, तर त्याची रिकव्हरी की आधी हाताशी हवी.

सेलवर 'सी.आर. २०३२' लिहिलेलं असतं. २० म्हणजे वीस मिलिमीटर रुंदी, ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. दुकानदार २०२५ पुढे करील, तो घेऊ नका. पातळ असल्याने खाचेत सैल बसतो.

आता काम. संगणक बंद करून प्लग चक्क काढून ठेवा, आणि मग चालू करायचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. नायलॉनची साडी त्या दिवशी नको. तिच्या घर्षणाची वीज बोर्डाला बाधते. डबा आडवा ठेवून मागचे स्क्रू काढा, बाजूचा पत्रा सरकवा, आणि आत हात घालण्यापूर्वी उघड्या पत्र्याला हात लावा. रुपयाच्या नाण्याएवढा चकचकीत सेल लगेच दिसतो. बाजूची बारीक पट्टी नखाने दाबली की तो आपसूक वर येतो. स्क्रू-ड्रायव्हर खुपसायचा नाही! नवा सेल कडेने धरून, अधिक चिन्ह जुन्याप्रमाणेच ठेवून बसवा. पत्रा लावा, चालू करा, 'डिलीट' किंवा 'एफ २' (पडद्यावर येईल ती कळ) दाबून तारीख-वेळ भरा आणि साठवा. रात्रभर मुख्य बटण बंद ठेवून सकाळी वेळ पाहा. बरोबर असेल तर काम झालं. लॅपटॉपच्या वाटेला मात्र जाऊ नका. त्यात बहुधा वायर जोडलेला सेल असतो, तो जाणकारानेच बदलावा.

काढलेला सेल टेबलावर क्षणभरही ठेवू नका, ही माझी कळकळीची विनंती. मरतुकडा वाटला तरी त्यात वीज शिल्लक असते. लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजतं. सुरुवातीला मूल खेळतही असतं, म्हणून फसू नका. उलटी काढायला लावू नका, 'शीमधून पडेल' म्हणून वाट पाहू नका. एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात तडक जा, आणि नव्या सेलचं पाकीट बरोबर न्या. एक्स-रेत तो नाण्यासारखाच दिसतो, तेव्हा 'सेल आहे' हे डॉक्टरांना आधी सांगा.

जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो उंचावरच्या बंद डब्यात ठेवा. ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायचा नाही. ई-कचरा घेणाऱ्याकडे इतर जुन्या बॅटऱ्यांबरोबर द्या.