आधी प्रत, मग दुरुस्ती

नागपुरात वैशाखाचा पारा ४५ अंशांवर चढला की माणसांप्रमाणे यंत्रेही हैराण होतात. गेल्या मे महिन्यात माझा लॅपटॉप वारंवार बंद पडू लागला. त्यात मुलांचे निबंध व दिवंगत मातोश्रींच्या पत्रांची छायाचित्रे होती. कारागीर म्हणाला, “सर, फॉरमॅट करून देतो, लगेच चालेल.” यंत्र चालले असते, पत्रे मात्र गेली असती!

मी त्यास थांबविले. यंत्र बिघडणे व आतील मजकूर नष्ट होणे या भिन्न गोष्टी होत. डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडली, तो सर्व फाइली सुखरूप मिळाल्या. दोष निराळाच होता : पंख्याच्या झरोक्यात धूळ दाटून उष्णता कोंडे, आणि यंत्र स्वसंरक्षणार्थ आपणहून बंद होई.

म्हणून माझे मत असे की, प्रथम प्रत काढावी, मगच दुरुस्तीस हात घालावा. फिरत्या तबकडीच्या डिस्कवरून पुसलेली फाइलही, तिच्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत, बहुधा परत मिळते. यास्तव अशा डिस्कवर नवे काही उतरवू नये. नव्या एसएसडीत मात्र ही आशा फारच थोडी.

तथापि शोधण्यापेक्षा राखणे बरे. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्याची कथा सर्वश्रुत आहे. पण त्यांचे अभंग लोकांच्या मुखी होते, संताजी जगनाडे यांच्या वहीतही होते. पालकहो, मुलास लॅपटॉप द्याल तेव्हा सोबत एक सुटी डिस्कही द्या, आणि विद्यार्थ्यांनो, दर शनिवारी तीत प्रत काढीत जा.